डन्सगिलची मायर

शहरातल्या माणसाला ओली जमीन दिसली की तो तिला बॉग म्हणतो आणि मोकळा होतो. त्याचं भागतं, कारण त्याला तिच्यावरून चालायचं नसतं. आम्हा केनहोपच्या डोंगरातल्या लोकांचं एका शब्दावर भागत नाही. मॉस म्हणजे काळ्या जळाऊ मातीचा सपाट माळ. झुडपांच्या बुंध्यांवर पाय ठेवत गेलं की बूट ओले होतात, बाकी काही नाही. हॅग म्हणजे तीच माती पाण्याने कापून झालेल्या घळी. तिथे जीव जात नाही, पण पाय मोडतो. मायर म्हणजे मांडीभर चिखल आणि खाली घट्ट रेतीचा तळ. तिथे बूट-मोजे काढून काठावर ठेवायचे आणि न थांबता सरळ पलीकडे जायचं. बूट घालून गेलात तर चिखल ते ओढून घेतो, आणि बूट काही झाडाला लागत नाहीत. फ्लो म्हणजे पाण्यावर धरलेली गवताची साय. तिथे जायचं नाही. फ्लोबद्दल याहून जास्त कुणी शिकवत नाही.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगते आहे खरं. पुढचं तसं सांगता येणार नाही.

आमच्याकडे जमीन बदलते. आमच्या पणजोबांनी शिशासाठी हे डोंगर आतून पोखरून ठेवलेत. फार पाऊस झाला की जुन्या बोगद्याचं छत कुठे तरी बसतं, पाणी वाट बदलतं, आणि काल जिथून गेलो तिथून आज जाता येत नाही. म्हणून रविवारी प्रार्थना संपली की मेंढ्यावाले चॅपलच्या मागच्या भिंतीपाशी थांबतात. आठवड्यात ज्याला काही बदललेलं दिसलं असेल तो जागेचं नाव घेतो आणि तिचा नवा शब्द सांगतो. याला आम्ही जमीन सांगणं म्हणतो. त्या घटकेपासून ज्याच्या त्याच्या तोंडी तोच शब्द. ज्याच्याशी आपलं तोंड बंद आहे त्यालाही जमीन सांगावी लागते. बाजारात मेंढीचं वय चोरणारे आमच्यात पुष्कळ आहेत, पण भिंतीपाशी जमीन चोरणारा मी कधी पाहिला नव्हता.

माझा नवरा आमोस नॅट्रास गेल्यावर त्याच्या जागी मी भिंतीपाशी उभी राहू लागले, तेव्हा दोघा-तिघांनी नाकं मुरडली. म्हातारा जोसाया पीअर्ट तेवढा म्हणाला, “मेंढ्या तिच्या, पाय तिचे. उभी राहू दे तामारला.” जोसायाचा शब्द कुणी मोडत नसे. त्याने आयुष्यात कधी ‘साधारण’ किंवा ‘बहुतेक’ असं म्हटलेलं कुणाला आठवत नव्हतं. मी त्या भिंतीपाशी ताठ उभी राहायचे. कुणी काही सांगितलं तर मान हलवायचे. माझ्यासारखी मीच, असं मला वाटायचं.

तेहतीस सालच्या नोव्हेंबरात तीन आठवडे पाऊस थांबला नाही. शेजारच्या कथबर्ट व्हायपाँडने त्या शरदात एक नवा एडका आणला होता. मोठा देखणा होता आणि कथबर्टसारखाच दुसऱ्याच्या हद्दीत घुसायची सवय असलेला. माझ्या मेंढ्या मी नोव्हेंबर सरल्याशिवाय एडक्याला दाखवत नाही. लवकर फळल्या तर कोकरं बर्फात जन्मतात आणि बर्फातच मरतात. दोनदा मी त्या एडक्याला कानाला धरून परत नेऊन दिलं.

“कुंपण नीट कर की रे,” मी म्हणाले.

“कुंपणाचं काय घेऊन बसलीस?” कथबर्ट दारातच उभा राहून पाइप भरत म्हणाला. “तुझ्या मेंढ्यांना सांग थोडं सभ्य वागायला. बिचाऱ्याला तिकडून बोलावणी येतात, तो तरी काय करणार?”

त्याचा गडी हसला. मी रागाने लाल होऊन परत आले.

तिसऱ्यांदा एडका आला तेव्हा मी त्याला परत नेलं नाही. त्याच्यावर कुत्री सोडली. खाली वाटेच्या बाजूला नाही, वर डन्सगिलकडे. पळू दे, दमू दे, चिखलाने माखू दे, मग कथबर्ट बसेल लोकर धूत, असा माझा हिशेब. डन्सगिलच्या मायरशी येताच एडक्याने आत उडी घेतली. मी काठावर उभी राहून हसत होते, हे मला स्पष्ट आठवतं. चार-पाच उड्या त्याने बऱ्या मारल्या. मग त्याच्याभोवतीचं सगळं गवत एकदम हललं, पार माझ्या पायापर्यंत. त्याचा मागचा भाग गेला, मग पाठ, मग मान. नाकपुड्या थोडा वेळ वर राहिल्या. सबंध प्रार्थना म्हणून झाली नसती एवढ्या वेळात तिथे नुसते बुडबुडे उरले. मी माझी लांब आकडी काठी काठावरून आत खुपसली. ती मुठीपर्यंत गेली आणि कशाला लागली नाही.

त्या रविवारी भिंतीपाशी कथबर्ट सगळ्यांना सांगत होता, की एडका चोरीला गेला आणि चोर सापडला तर त्याची तो काय गत करील. मग जोसायाने नेहमीप्रमाणे विचारलं, “कुणाला जमीन सांगायचीय?”

मी माझ्या बुटांकडे पाहिलं. डन्सगिल फ्लो झाली म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, तुला कसं कळलं? शेजाऱ्याच्या जनावरावर कुत्री घालून ते मारणारी बाई, हे नाव आमच्याकडे जन्मभर पुसलं जात नाही. आणि ज्यांनी नाकं मुरडली होती ते म्हणाले असते, बघा, बाईमाणसाला उभं केलंत भिंतीपाशी. मी स्वतःची समजूत घातली. हिवाळ्यात डन्सगिलला जातं कोण? मेंढ्या खाली आणलेल्या असतात. वसंतात एखादं कोकरू हरवलं म्हणून सांगू आणि तेव्हा जमीनही सांगू. पहिल्या रविवारी घशात अडकलेली गोष्ट दुसऱ्या रविवारी गिळता येते, आणि तिसऱ्या रविवारी ती घशात होती हेही आठवत नाही.

लेनर्ड सेचेल केनहोपला आला तो त्याच नोव्हेंबरात. मार्टिनमसच्या जत्रेत, जिथे गडी माणसं सहा महिन्यांसाठी ठरतात, तिथे कथबर्टने त्याला ठरवलं. चाळिशीचा माणूस, पूर्वेकडच्या सपाट पाणथळ मुलखातला. तिकडचं शेतीचं काम सुटलं म्हणून बायकोला घेऊन इतक्या लांब आलेला. आमच्याकडे त्याला पहिल्याच दिवशी बदक हे नाव पडलं. त्याला राग येत नसे.

“आमच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चची पायरी,” तो मला म्हणाला. “तीन पायऱ्या होत्या, मिसेस नॅट्रास. लोक वर चढून देखावा बघायचे.”

काम त्याला येत होतं, पण शब्द येत नव्हते. कथबर्ट म्हणायचा, अमुक हॅगच्या कडेने जा आणि तमुक मॉस ओलांड, आणि हा जागीच उभा. पुन्हा विचारलं की कथबर्ट पिसाळायचा. म्हणून तो शनिवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागला. येताना ओंडके फोडून आणायचा. मी त्याला चहा आणि ओटची भाकरी द्यायची, आणि शब्द द्यायची. तो शाळेतल्या पोरासारखा मोठ्याने घोकायचा.

“मायर?”

“बूट काढायचे, सरळ जायचं, थांबायचं नाही.”

“फ्लो?”

“जायचं नाही.”

“आणि गेलोच तर?”

“तर मला विचारायला परत येऊ नकोस,” मी म्हणाले, आणि तो खो खो हसला.

मला तो आवडायचा, हे सांगून टाकते. आमोस गेल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात कुणी हसलं नव्हतं. डिसेंबर संपता संपता त्याला डोंगरातली एकूण एक जागा तोंडपाठ झाली. तो नाव घ्यायचा, मी शब्द सांगायची. एका शनिवारी तो बोटं मोजत म्हणाला, “आणि ते वरचं? डन्सगिल?”

मी चहा ओतत होते. “मायर,” मी म्हणाले. हात थांबला नाही की कापला नाही. तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मला वाटलं, हा भाबडा माणूस, जाऊन धन्याला सांगेल. आणि कथबर्टच्या पार टोकाच्या हद्दीत हिवाळ्यात याला कशाला कोण पाठवतंय?

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी कथबर्टने त्याला पाठवलं. तीन मेंढ्या डन्सगिलच्या पलीकडे राहिलेल्या दिसल्या होत्या आणि बर्फाची लक्षणं होती. दुपारी धुकं उतरलं. संध्याकाळी धुकं गेलं आणि अशी थंडी पडली की माझ्या गोठ्यातलं पाणी तळापर्यंत गोठलं. माझं घर एका कडेला आहे. मला कळलं ते बुधवारी दुपारी, कथबर्ट दारात आला तेव्हा.

“बदक परत आलं नाही कालपासून. डन्सगिलला गेला होता. तुझ्याकडे नाही ना आला?”

मी विचारलं, “डन्सगिलला पाहिलंत?”

“मायरमध्ये कोण मरतंय? हॅगमध्ये पाय मोडून पडला असेल. तिकडेच शोधतोय सगळे.”

“आधी डन्सगिल बघा,” मी म्हणाले. का, ते मी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. ते दिवसभर घळीच धुंडत राहिले. डन्सगिलला कुणी गेलं ते गुरुवारी सकाळी.

काठावर त्याचे बूट होते, शेजारी शेजारी नीट ठेवलेले, आत मोजे गुंडाळून घातलेले. तो पंधरा पावलं आत होता. छातीपर्यंत चिखलात, सरळ, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. वर सगळं दगडासारखं गोठलं होतं. त्यांनी बर्फावर शिड्या टाकल्या, कुऱ्हाडीने भोवती फोडलं आणि दोरांनी त्याला वर ओढला. खाली काय आहे हे बघायला कुणाचा पाय आत गेला नाही. मांडीभर चिखलाच्या मायरमध्ये माणूस छातीपर्यंत कसा असेल? तर गुडघे टेकून बसला असेल. सगळ्यांनी तेच म्हटलं. बदकाने मायरमध्ये जाऊन गुडघे टेकले आणि थंडीची वाट बघितली.

शुक्रवारी सकाळी सराईच्या माडीवर चौकशी बसली. शहरातून कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा सरकारी अधिकारी, आला होता. सर्दीने बेजार झालेला, पण माणूस दयाळू. ज्यूरीवर आमचेच सात जण होते आणि त्यांचा प्रमुख जोसाया. पुढच्या बाकावर लेनर्डची बायको ऑलिव्ह बसली होती, कुणाचा तरी मागून आणलेला काळा कोट घालून. कोट तिला खांद्यात मोठा होता.

कथबर्टने साक्ष दिली. “मी त्याला सांगितलं, मायर आहे, बूट काढ, सरळ जा.” खोटं काही बोलला नाही. तोही मायरच समजत होता.

कॉरोनरने कारकुनाला सांगितलं, “बॉग, असं लिहा.” मग नाक पुसून ज्यूरीला म्हणाला, “परक्या मुलखातला माणूस, धुकं, बॉग. मला वाटतं अपघात म्हणायला हरकत नाही. तुमचं काय मत?”

ऑलिव्हने डोळे मिटले. तेवढ्यावर सगळं संपलं असतं. त्या शहरी माणसाला शब्दाशी काही घेणं नव्हतं, आणि त्या एका अडाणी शब्दात तो खऱ्याच्या किती तरी जवळ होता. पण जोसाया पीअर्ट उभा राहिला. बाजूला ठेवलेली टोपी त्याने उगाच सरळ केली.

“साहेब, ती बॉग नाही. मायर आहे.”

“फरक काय?”

“तळ आहे. माझी नात उन्हाळ्यात तिथून चालत जाते. मायरमध्ये माणूस बुडत नाही. बुडायचं मनात असल्याशिवाय नाही.”

“पण पीअर्ट, त्या बिचाऱ्या बाईंसमोर...”

“आम्ही शपथ घेतलीय साहेब,” जोसाया म्हणाला. त्याला हे बोलणं सोपं जात नव्हतं. “अपघात म्हणायला मलाही आवडलं असतं. पण मायर ती मायर. तो छातीपर्यंत होता. म्हणजे तो खाली बसला.”

मागचे सहा जण खाली बघत माना हलवत होते. आमची हुशारी ही अशी. चार शब्द जास्त येत होते म्हणून सात भल्या माणसांनी एका मेलेल्या माणसावर पाप ठेवलं, आणि प्रामाणिकपणे ठेवलं.

कॉरोनरला ते आवडलं नाही. तो खोलीभर पाहत म्हणाला, “या जागेबद्दल कुणाला काही वेगळं माहीत आहे? असेल तर आत्ता बोला.”

मी तिसऱ्या बाकावर होते. ऑलिव्ह मागे वळली आणि एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. माझ्यापाशी तिची नजर जरा थांबली, कारण सगळ्या खोलीत तिच्या नवऱ्याच्या जवळच्या ओळखीची अशी मीच होते. एक वाक्य पुरलं असतं. तोंडात ते तयार होतं. शेजारी कथबर्ट बसला होता, त्याच्या अंगाला तंबाखूचा वास येत होता, आणि मला त्याचा एडका आठवत होता. मेलेल्या माणसाच्या बायकोसमोर बसून मी एडक्याचा विचार करत होते. मी मान खाली घातली. कॉरोनर म्हणाला, “ठीक आहे.”

मनाचा तोल गेलेला असताना स्वतःचा जीव घेतला, असं लिहिलं गेलं. ऑलिव्ह उभी राहिली. “पण शनिवारी तो हसत होता,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

शनिवारी त्याला पुरलं. ऑलिव्ह आली नाही. पाद्रीबाबांनी तिला आणायला माणूस पाठवला, तर तिने दार न उघडता सांगितलं, “तो मला न विचारता गेला. आता मला कशाला बोलावता?” खड्ड्याशी आम्ही नऊ जण होतो. ओळीने सगळ्यांनी माती टाकली. मीही टाकली.

रविवारी प्रार्थना संपली आणि सगळे भिंतीपाशी जमले. जोसायाने विचारलं, “कुणाला जमीन सांगायचीय?” त्याचं लक्ष नव्हतं, सवयीने विचारलं त्याने.

“डन्सगिल,” मी म्हणाले. “फ्लो.”

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. मग हळूहळू एकेकाच्या चेहऱ्यावर ते चढत गेलेलं मला दिसलं. माझ्यासमोर ज्यूरीतले पाच जण उभे होते.

“कधीपासून?” कथबर्टने विचारलं.

“नोव्हेंबर.”

“तुला कसं माहीत?”

“तुझा एडका तिथे आहे. मीच घातला.”

मला वाटलं होतं कथबर्ट अंगावर येईल. तो आला नाही. भिंतीला टेकला आणि म्हणाला, “मीच सांगितलं त्याला, सरळ जा.” जोसाया एकदम फार म्हातारा दिसू लागला होता.

“मी त्या बाईच्या तोंडावर सांगितलं,” तो म्हणाला. “बायबलवर हात ठेवून.”

“उद्या शहरात जाऊ,” मी म्हणाले. “त्या साहेबाला सांगू. मी सांगते.”

“आणि काय सांगशील?” कथबर्ट सावरला होता. “केनहोपचे सात जण शपथेवर चुकले म्हणून? पुढे एखाद्या चौकशीत आपला शब्द कोण घेईल? उद्या ती बाई जातेय तिच्या मुलखात. जाऊ दे. झाकली मूठ आहे ती झाकलेलीच बरी. तिला मायर काय नि फ्लो काय, काय कळणार?”

मी जोसायाकडे पाहिलं. मला खात्री होती, तो नाही म्हणेल. तो किती तरी वेळ थडग्यांकडे बघत होता. मग म्हणाला, “आजपासून डन्सगिल फ्लो. सगळ्यांनी ध्यानात ठेवा.” आणि टोपी घालून निघाला. माझ्याजवळून जाताना थांबलासुद्धा नाही.

मी तशीच कथबर्टच्या गड्याच्या खोपटाकडे गेले. दार उघडं होतं. ऑलिव्ह जमिनीवर बसून पेटीत भांडी रचत होती, एकेक भांडं कागदात गुंडाळून.

“या, मिसेस नॅट्रास,” ती म्हणाली. “चहाचं भांडं आत गेलं हो. तुम्हाला काही देता येणार नाही.”

“मला काही नको. तुला एक सांगायचंय. तुला ते नीट कळावं म्हणून आधी शब्द सांगावे लागतील. मायर म्हणजे...”

“बूट काढायचे, सरळ जायचं, थांबायचं नाही,” ती म्हणाली. “फ्लो म्हणजे जायचं नाही. लेन रोज जेवताना म्हणायचा. मी विचारायची, तो सांगायचा. चुकला की भाकरीचा तुकडा मला.” तिने एक बशी गुंडाळली. “म्हणून तर त्या साहेबाचं मला पटलं नाही. तो भला होता, माझ्यासाठी अपघात म्हणत होता. पण मिस्टर पीअर्ट बोलले ते खरं, हे मला माहीत होतं. मायरमध्ये कोण बुडतंय? तुम्हीच शिकवलंत.”

मग मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. एडका, कुत्री, काठी, भिंत, चहा ओतताना दिलेलं उत्तर, सगळं. एकही गोष्ट माझ्या बाजूची म्हणून सांगितली नाही, तशी नव्हतीच. ती बशी हातात धरून ऐकत राहिली.

“म्हणजे तो उभा होता,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“गुडघे टेकले नव्हते.”

“नाही. पायाखाली काही नव्हतंच.”

“तो परत यायला बघत होता.”

“हो. हात पसरले होते ना, ते त्याचसाठी.”

तिने बशी पेटीत ठेवली आणि पेटीच्या कडेवर कपाळ टेकलं. “मी त्याला माती दिली नाही,” ती म्हणाली. “तीन दिवस मी त्याला शिव्या देतेय. या खोलीत बसून, मोठ्याने. माझ्या बापाने कधी आईला दिल्या नसतील अशा.”

मी तिच्याजवळ जायला निघाले. तिने मान वर न करता हात पुढे केला, थांबा म्हणून.

“किती वेळ उभा असेल?”

खोटं सांगावंसं वाटलं. तेवढी दया तरी करावी, असं वाटलं. पण खोटं मी पुष्कळ बोलून बसले होते. “दुपारपासून,” मी म्हणाले. “अंधार पडेपर्यंत तरी. थंडीच होती त्याला मारायला, चिखल नव्हता.”

“मग हाका मारल्या असतील त्याने.”

“मारल्या असतील.”

“डन्सगिलला सगळ्यात जवळ घर कुणाचं?”

तिला ते ठाऊक होतं. त्याने तिला डोंगरातली एकूण एक जागा पाठ करून दाखवली होती. “माझं,” मी म्हणाले.

“मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?”

“घरीच. अंगणात जळण रचत होते. ऑलिव्ह, मी ऐकली नाही हाक. वारा उलटा होता, माझ्याकडून तिकडे जाणारा. ऐकली असती तर मी धावले असते. देवाशपथ धावले असते.”

ती पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती. डोळे कोरडे होते. रागही नव्हता. एखादी वस्तू घ्यायची की नाही ते ठरवताना माणूस जसं बघतं तसं तिने मला नीट पाहिलं.

“लेन म्हणायचा, मिसेस नॅट्रासना विचारलं की त्या पटकन सांगतात, अडखळत नाहीत,” ती म्हणाली. “आत्ताही तुम्ही पटकन सांगितलंत. मी कशावरून खरं धरू?”

या सगळ्या प्रकरणात माझ्या बाजूची अशी तेवढी एकच गोष्ट खरी होती आणि तिची किंमत मीच घालवून बसले होते. ती पुन्हा भांडी गुंडाळू लागली. मी निघाले.

ती सोमवारी सकाळी गेली. जाताना थडग्याशी गाडी थांबवली होती, असं गाडीवाल्याने सांगितलं. किती वेळ ते मी विचारलं नाही. शहरातल्या नोंदवहीत जे लिहिलंय ते तसंच आहे. मी एक पत्र पाठवलं होतं, त्याला दोन ओळींचं उत्तर आलं, की चौकशी मिटली आहे आणि बॉग कोणत्या प्रकारची होती यावरून निकालात फरक पडेल असं वाटत नाही. भिंतीपाशी मी अजून उभी राहते. कुणी हाकलत नाही. मी जमीन सांगितली की सगळे ऐकून घेतात, आणि मग कुणी तरी काठी घेऊन ती जागा पुन्हा बघून येतो.

त्या मंगळवारी वारा उलटा होता. जळणाचा भुसा माझ्या तोंडावर येत नव्हता, तिकडे उडत होता, एवढं मला आठवतं. निदान आठवतं असं मी म्हणत आलेय. आताशा दुपारी धुकं उतरलं की मी अंगणात जाते, तोंड डन्सगिलकडे करते आणि ऐकत राहते, की वारा तसा असताना तिकडचं काही ऐकू येतं का. पण तिकडून हाक मारणारं आता कुणी नाही, त्यामुळे ते कळायला मार्ग नाही.